पत्त्याला आठवण नसते

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. वेरूळच्या २१व्या लेण्यात, रामेश्वर लेण्यात, हा डाव कोरलेला आहे. २९व्या लेण्यातही आहे. दिवाळीत पत्ते कुटायला आपल्याकडे कुणाची ना नसते, ती अशाच कथांच्या आधारावर. पैसे लावून बसलेली बाई मात्र घरात अजूनही डोळ्यांत खुपते. ती सात महिन्यांची गरोदर असेल, तर शंकर-पार्वतीचा दाखला कुणी देत नाही. तिला अभिमन्यूची गोष्ट सांगतात.

मला ती या गौरी-गणपतीत ऐकवली गेली. सातारा माझं सासर, सांगली माहेर. साताऱ्यात डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मी सांगलीला आले. गणपतीत आमच्याकडे रात्री पत्ते रंगतात. पूर्वी पाच-तीन-दोन, मेंढीकोट, मोठ्यांची रमी आणि पोरं झोपली की तीन पानी. आता पुण्यात नोकरी करणारे दादाचे मित्र सुट्टीला येताना चिप्सची पेटी घेऊन येतात आणि माडीवर पोकर मांडलं जातं. प्रत्येकी पाचशे रुपये, पाच-दहाचे ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच लावायचे पैसे. पाचशे संपले की उठायचं, दुसऱ्यांदा पैसे काढायचे नाहीत, हा नियम वहिनीचा. तो कुणी मोडत नाही, कारण रात्री बाराला भडंग आणि चहा तीच देते आणि खेळायलाही तीच बसते.

मी बसले तेव्हा आईने जिन्यातूनच विचारलं, "अगं, पोटातलं काय शिकेल?"

तिच्या प्रश्नाची मला चेष्टा करायची नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून गर्भ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो, हे वैद्यक मानतंच. त्या आवाजातून त्याला चक्रव्यूह कळतो की फ्लश, एवढाच वाद. आईची काळजी खरी होती, म्हणून मी तिला माझं उत्तर तेव्हा दिलं नाही. ते इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी तीन पानी खेळली आहे त्यांना पोकर समजायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मधे पाच पानं उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. स्वतःची दोन आणि मधली पाच यांतून जो उत्तम पाच पानांचा हात जुळवेल तो जिंकतो. पानं पडत जातात तसं प्रत्येक टप्प्याला बोलायचं, वाढवायचं किंवा पॅक व्हायचं. तीन पानीत न बघता खेळण्याला मान आहे. इथे बघितल्यावर आणि मोजल्यावरच मजा आहे.

एक डाव नीट सांगते. मला बदाम राजा आणि बदाम नव्वी आली. मधे किलवर एक्का, बदाम पंजी, बदाम दुर्री. चौथं पान चौकट सत्ती. माझ्या हातात अजून काही नव्हतं, पण शेवटचं पान बदाम आलं तर पाच बदामांचा फ्लश होणार होता. गाठीत दोनशे चाळीस रुपये साठले होते आणि समोरच्याने साठ टाकले. त्याच्याकडे एक्क्याची जोडी असणार, हे मी धरून चालले. आता हिशोब. मला न दिसलेली पानं ४६, त्यांत बदामाची ९. म्हणजे साधारण पाचात एकदा माझं पान येणार. मला साठ घालून तीनशे मिळण्याची संधी होती. सहात एकदा जिंकले तरी बरोबरी होते. हीच वेळ ४६ वेळा आली आणि प्रत्येक पान एकेकदा पडलं, तर ९ वेळा तीनशे मिळतील, ३७ वेळा साठ जातील. एकूण २७०० मिळकत, २२२० खर्च. दर डावाला दहा रुपये माझ्या बाजूला. मी साठ टाकले. शेवटचं पान इस्पिक गुलाम पडलं आणि पैसे गेले.

माडीवरचे सगळे हळहळले, "उगाच गेलीस". उगाच नव्हते गेले. निर्णय बरोबर होता, पान आलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं ही या खेळाची पहिली इयत्ता आहे, आणि बहुतेकांना ती आयुष्यभर पास होता येत नाही. अमेरिकेतल्या ॲनी ड्यूक या खेळाडूने २०१८ साली यावर 'थिंकिंग इन बेट्स' हे पुस्तक लिहिलं. निकाल वाईट लागला म्हणून निर्णयच वाईट होता असं ठरवण्याच्या सवयीला पोकर खेळणाऱ्यांत 'रिझल्टिंग' म्हणतात, असं ती सांगते. याच ड्यूकबाई २००० साली लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेतल्या मुख्य स्पर्धेत ५१२ खेळाडूंमधून दहाव्या आल्या, तेव्हा त्यांना आठवा महिना होता. आपल्याकडे २०२२ च्या मामल्लपुरम बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये द्रोणवल्ली हरिका नवव्या महिन्यात पटावर बसली, भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच महिन्यात तिला मुलगी झाली. सांगलीला हे नवं वाटायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने या गावात मुलींना पटावर बसवण्याची सवय लावली. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे याच परंपरेतल्या. गरोदर बाईचं डोकं चालतं, याला पुरावा मागायची वेळ यावी याचंच मला वाईट वाटतं.

रिझल्टिंगचा सर्वांत क्रूर नमुना मात्र पत्त्यांत सापडत नाही. तो बाळंतिणीच्या खोलीत आणि तिच्या बाहेर, ओसरीवर सापडतो.

माझा याआधीचा गर्भ पहिल्या तिमाहीत गेला. मग कारणं शोधणं सुरू झालं. स्कूटरवरून साताऱ्याला बोगद्यापर्यंत गेली होतीस. पपई खाल्लीस का? पाण्याची कळशी उचललीस का? रात्री लॅपटॉप पोटावर होता. प्रत्येक जण मायेनेच बोलत होता, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच होता: तू काहीतरी केलंस. प्रत्यक्षात, लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी दहात एक, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त, आपोआप संपतात आणि पहिल्या तिमाहीतल्या अशा पातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची जुळणी चुकल्यामुळे होतात. फलधारणेच्या वेळीच पानं तशी पडलेली असतात. त्यानंतर बाईने पपई खाल्ली काय आणि देवळात गेली काय! हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते माझ्या अंगात मुरलं ते माडीवर, बरोबर खेळून शांतपणे हरायची सवय झाल्यावर. आपल्याकडे किती बायका ही जबाबदारी नसलेली शिक्षा मनात घेऊन जगतात, याची मोजदाद कुणी करत नाही. मला वाटतं करायला हवी.

आता दुसरा आकडा. मी पस्तिशीची आहे. बाराव्या-तेराव्या आठवड्यात डबल मार्करची तपासणी झाली, आणि रिपोर्टवर डाऊन सिंड्रोमची शक्यता अपूर्णांकात छापून आली. पंचविशीतल्या आईला ही शक्यता साधारण साडेबाराशेत एक असते, तिशीत नऊशे-हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफीतलं मानेमागचं माप यांवरून ती वरखाली होते, आणि बऱ्याच ठिकाणी २५० मध्ये एक ही सीमा धरून पुढच्या तपासण्या सुचवतात. माझा आकडा सीमेच्या बराच पलीकडे, बऱ्या बाजूला होता. तरी घरात दोन दिवस अंगारा, दृष्ट, कुलदैवताला बोलणं असं सगळं चाललं. कुणी विचारलं, "पण म्हणजे होणार का नाही होणार?"

तीन पानीत ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे असा हात, ४२५ मध्ये एकदा येतो. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारांनी पडू शकतात, त्यांत ट्रेल फक्त ५२. रात्रभर बसलेला माणूस जाणतो की ट्रेल येऊ शकते, पण तिच्यावर घर लावायचं नसतं. तोच माणूस सकाळी बायकोचा रिपोर्ट हातात घेऊन चारशेत एक म्हणजे काय हे विचारतो आणि पांढराफटक पडतो. पत्त्यांत जे कळतं ते रिपोर्टवर कळत नाही, कारण रिपोर्ट समजावून सांगायला बसायला कुणाला वेळ नसतो. ओपीडीच्या बाहेर चाळीस बायका आणि डॉक्टर एक. 'लो रिस्क' असं म्हणून कागद परत मिळतो. एखाद्या नर्सताईने पत्त्यांचा जोड घेऊन दहा मिनिटं दिली, तर हे काम होईल, असं मी अगदी गंभीरपणे म्हणते.

बसण्याबद्दलही लिहायला हवं, कारण विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. माडीवर सिगारेट बंद. खुर्ची पाठीला आधार देणारी, पाय स्टुलावर. तासाला एकदा उठून चालायचं, कारण गरोदरपणात पायांतल्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो आणि तासन्तास एका जागी बसणं त्याला खतपाणी घालतं. लघवीला तर त्याहून जास्त वेळा उठावं लागतं. मी गेले की माझा डाव थांबवून ठेवायचे. साडेबाराच्या पुढे बसायचं नाही. आणि एक गंमत झाली. डाव चालू असताना बाळ हललं की माझा हात आपोआप पोटावर जायचा. समोरच्याने ती खूण मोठ्या हाताची समजून दोनदा चांगली पानं टाकून दिली. वहिनीच्या लक्षात आलं, पण तिने रात्रभर सांगितलं नाही.

त्याच रात्री मूळ गोष्ट घडली. मधली पानं सलग काही डाव काळीच पडत होती. दादाचा एक मित्र म्हणाला, "आता लाल येणारच, काळं किती वेळ येईल!" आणि त्याने उरलेल्या सगळ्या चिप्स सरकवल्या. पानं पुन्हा पिसली होती, जोड पुन्हा पुरा ५२ चा होता. मागच्या डावात काय पडलं याची पत्त्याला आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळं आलं, आणि आता लालच येणार या खात्रीवर लोकांनी तिथे लाखो फ्रँक घालवले. जुगाऱ्याचा हा भ्रम जगप्रसिद्ध आहे.

तो मित्र चिप्स सरकवत होता तेव्हा माझ्या कानात मात्र दुसरंच वाक्य वाजत होतं. तीन मुलींनंतर चौथ्यांदा दिवस राहिलेल्या साताऱ्याकडच्या एका नातेवाईक बाईबद्दल मी लहानपणी ऐकलेलं: "आता तरी मुलगाच होणार."

हा भ्रम पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तो फ्रेंच गणिती लाप्लासने, शक्यतेवरच्या १८१४ च्या निबंधात, आणि त्याने त्यात बाप होऊ घातलेल्या पुरुषांचंही उदाहरण घेतलं आहे. मुलगा हवा असलेली माणसं त्या महिन्यात गावात मुलगे जास्त जन्मले की हिरमुसतात, असं त्याने नोंदवलं. मुलगे आणि मुली यांची तोंडमिळवणी महिनाअखेर होणारच, तेव्हा आता मुलींची पाळी, असा त्यांचा हिशोब. दोनशे वर्षं झाली. सह्याद्रीच्या कुशीत तो हिशोब जसाच्या तसा आहे, फक्त महिन्याऐवजी घर धरलं जातं.

खरा हिशोब सोपा आहे. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे कुठल्याही बाळंतपणात मुलगा होण्याची शक्यता शंभरात ५१. चार अपत्यं असलेल्या सतरा-अठरा घरांत एखाद्या घरी चारही मुली असणार; त्यात नवल नाही, कुणाचा दोष नाही. आणि तीन मुली झालेल्या बाईला चौथ्या वेळी मुलगा होण्याची शक्यता शंभरात ५१ च्या आसपासच. पहिल्या वेळी होती तेवढीच.

साताऱ्याच्या डोहाळजेवणात मला झोपाळ्यावर बसवलं, फुलांचे दागिने घातले, आणि रिवाजाप्रमाणे समोर दोन वाट्या झाकून ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक वाटी उघडली. बर्फी निघाली. बायका हसल्या, टाळ्याही झाल्या, आणि मग सासूबाईंच्या एक मैत्रीण म्हणाल्या, "पुन्हा एकदा उघड गं, दुसरी वाटी." मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा आवाज माया करणाराच होता. पण तीनपैकी दोन असा डाव वाढवून घेणारा भिडू मी पत्त्यांत कधी बसू दिला नसता. मी दुसरी वाटी उघडली नाही. नणंदेने ती उचलून आतच नेली, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

हे हलकंफुलकं आहे, असं कुणी म्हणेल. याच जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता. त्या सगळ्यांचं नाव नकुशी किंवा नकोशी होतं. नाव ठेवणाऱ्यांची समजूत अशी की, हिला नकुशी म्हटलं की देवाला निरोप पोचतो आणि पुढचा मुलगा देतो. जुगारी माणूस पान उघडण्याआधी त्यावर फुंकर मारतो. इथे ती फुंकर एका जिवंत मुलीच्या नावावर मारली गेली, आणि ती मुलगी हजेरीपटावर, रेशनकार्डावर, मैत्रिणींत तेच नाव घेऊन वाढली. पुढे मुलगा झाला असेल तर नावाचा गुण आला, असंही कुणी म्हणालं असेल. शंभरात ५१ वेळा तो येणारच होता. म्हणून तर असले उपाय पिढ्यानपिढ्या टिकतात: निम्म्याहून जास्त वेळा ते लागू पडल्यासारखे दिसतात.

आणि मग ज्यांना वाट बघायची नव्हती त्यांनी पानच उचलून बघायला सुरुवात केली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. ऊस, द्राक्षं, बेदाणे, साखर कारखाने, शिक्षणसंस्था. महाराष्ट्राच्या सुस्थितीतल्या पट्ट्याचे हे आकडे आहेत. गरिबीवर खापर फोडायची सोय नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूचा तपास सुरू झाला आणि पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हैसाळ आमच्या माडीपासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर आहे. त्या आठवड्यात सांगलीत लोक खालच्या आवाजात बोलत होते. मग बोलणं बंद झालं.

मी जुगाराची बाजू मांडत नाही. आमच्या भागात पत्त्यांनी, मटक्याने बुडालेली घरं मी पाहिली आहेत, ऊसबिलाचे पैसे जमा झाले की कुठे वळतात हेही पाहिलं आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोख मुळात अड्डा चालवून कमावणाऱ्यावर आहे. दर डावातून अड्डेवाला जी नाल काढतो ती शेवटी सगळ्यांना संपवते; खेळणारे बदलतात, नाल चालू राहते. आमच्या माडीवर नाल नाही. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांतही एकमत नाही: कर्नाटकात २०१३ साली निकाल कौशल्याच्या बाजूने झुकला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगारच ठरवलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. फोनवर रात्री तीनला एकट्याने हरणारी पोरं मी ओळखते. मला त्या बंदीचं वाईट वाटलं नाही. समोरासमोर, ओळखीच्या माणसांत, हरायची मर्यादा आधी ठरवून, वहिनीच्या नजरेखाली बसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्या फरकावर मी ठाम आहे.

पण 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा, मुद्देमाल जप्त' ही बातमी आमच्याकडच्या आवृत्त्यांत इतक्या वेळा वाचायला मिळते, आणि मुलगा हवा म्हणून सुनेच्या शरीरावर पुन्हापुन्हा लावलेला डाव कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. तिथे पैसे लावणारा एक, आणि हरला की जाते ती दुसऱ्याची तब्येत, वर्षं, कधी जीव. माडीवर मी माझे पाचशे लावते. फरक तिथेच सुरू होतो.

आईला हे सगळं मी नंतर सांगितलं, एका बैठकीत नाही, भाजी निवडता निवडता तुकड्या-तुकड्याने. गर्भ गेल्याच्या गोष्टीवर ती बराच वेळ बोलली. तिचाही एक गेला होता, माझ्या आधी, आणि तो विहिरीवरून पाणी आणल्यामुळे गेला असं तिला चाळीस वर्षं वाटत होतं. अनंतचतुर्दशीच्या आदल्या रात्री ती माडीवर आली, खेळली नाही, माझ्या शेजारी बसून माझी पानं बघत राहिली. एका डावाला तिने कानात विचारलं, "यातली किती पानं तुझ्या कामाची?" मी सांगितलं, आठ. "न दिसलेली किती?" सेहेचाळीस. ती म्हणाली, "मग टाकून दे, तो फार मागतोय." बरोबर होतं तिचं.

परवा सोनोग्राफीला गेले. भिंतीवर फलक, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही', आणि टेबलावर एफ फॉर्म. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं गर्भवतीने स्वतः लिहून द्यायचं असतं. माझ्या आधीच्या मुलीला, असेल बाविशीची, तो न वाचता सही करायला सांगत होते. तिच्यासोबतच्या बाई घाई करत होत्या. मी तिला फॉर्म वाचून दाखवला. तिने विचारलं, "म्हणजे मला कुणी सांगायला लावू शकत नाही ना?" नाही, म्हटलं, आणि डॉक्टरांना सांगायला लावलं तर विचारणाराही गुन्हेगार. तिने सही केली, मग माझ्या फॉर्मवर मी माझी केली. पुढची तपासणी बत्तिसाव्या आठवड्यात आहे.